ऑप्शन फॉर्मच्या आधी एक शनिवार

प्रति,
कोल्हापूर शहर आणि जिल्ह्यातील कनिष्ठ महाविद्यालयांचे प्राचार्य, उपप्राचार्य आणि विज्ञान शाखेचे सर्व सर-मॅडम यांना,

स. न. वि. वि.

२०२५ च्या जूनमध्ये मी आमच्या कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीत मेजर विषयाचा फॉर्म दिला. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष संपलं होतं. गणित, फिजिक्स आणि कॉम्प्युटर सायन्स हे तीन विषय शिकून झाले होते आणि त्यांतला एक मेजर म्हणून पुढे न्यायचा होता. मी कॉम्प्युटर सायन्ससमोर टिक केली होती. खिडकीतल्या मॅडमनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "कॉम्प्युटर? आता कशाला गं? ते एआय सगळं लिहितंय की."

मला हसू आलं. बरोबर एक वर्षापूर्वी, बारावीच्या निकालानंतर, सगळं गणगोत मला याच्या उलट सांगत होतं. तेव्हा कॉम्प्युटर सोडून दुसरं काही घेणारी पोरगी म्हणजे डोक्यावर पडलेली. वर्षभरात विषय तोच राहिला, पुस्तकं तीच राहिली, भाव तेवढा उतरला. शाहू मार्केट यार्डात गुळाचा सौदा निघतो तसा आपल्याकडे दर जूनला शाखांचा सौदा निघतो. यंदा कॉम्प्युटर कितीला बंद झालं, मेकॅनिकलला उठाव आहे का, सिव्हिल पडलंय म्हणे. गुळाच्या सौद्यात निदान व्यापारी रव्याचा, म्हणजे ढेपेचा, रंग बघतो, कण बघतो, चिमूटभर तोंडात टाकतो. शाखेच्या सौद्यात माल न बघताच बोली लागते आणि ती पोराच्या नावावर चढते.

हे पत्र त्या माल बघण्याबद्दल आहे: शाखा निवडायचा ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी पोरांना तुमच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये स्वतः करून बघता यावं, याबद्दल. ते तुम्हालाच लिहायचं कारण असं की ज्या दोन वर्षांत तो बघता येतो, ती दोन वर्षं आम्ही तुमच्याकडे असतो. क्लासवाल्यांना लिहून उपयोग नाही, त्यांच्याकडे लॅब नसते. तुमच्याकडे असते.

अकरावी-बारावीला मी आयटी विषय घेतला होता. का, तर मार्क पडतात. कॉलेजचं नाव लिहीत नाही. हे वाचताना तुमच्यातल्या बऱ्याच जणांना ते आपलंच वाटेल आणि तसं वाटायला माझी हरकत नाही. लॅब पहिल्या मजल्यावर, कोपऱ्यात. दारावर पाटी: 'चप्पल-बूट बाहेर काढावेत'. आत वीस मशीन, प्रत्येकावर प्लास्टिकचं कव्हर, आणि भिंतीवर कॉम्प्युटरचे भाग दाखवणारा एक तक्ता, ज्यात फ्लॉपी अजून होती. दोन वर्षांत मी त्या दारातून किती वेळा आत गेले ते दोन हातांच्या बोटांवर मोजता येईल, आणि त्यातली एक बोर्डाची परीक्षा. (गेले, आले हे पत्र आहे म्हणून. बोलताना आम्ही कोल्हापूरच्या पोरीसुद्धा 'मी गेलो, मी आलो' म्हणतो, तुम्हाला माहीतच आहे.) बाकी वेळ दाराला कुलूप आणि किल्ली शिपाईमामांच्या कमरेच्या जुडग्यात.

प्रॅक्टिकल म्हणजे एसओपी. ठरलेले प्रोग्रॅम, त्यातलेच परीक्षेला येणार. आम्ही ते पाठ केले. मी पाठ म्हणतेय ते अगदी पाढ्यासारखं पाठ: कंस कुठे उघडतो, कुठे मिटतो, अर्धविराम कुठल्या ओळीला. मला वीसपैकी वीस पडले. त्यातली एक ओळ जरी कुणी इकडची तिकडे केली असती तर काय होईल हे मला सांगता आलं नसतं.

त्यांतला एक प्रोग्रॅम जावास्क्रिप्टचा होता. शब्द द्यायचा, त्यातले स्वर मोजायचे. एकदा लॅब उघडी होती, सर दुसऱ्या रांगेत होते, तेव्हा मी गंमत म्हणून गूगलवरून देवनागरीतलं 'कोल्हापूर' उचलून त्यात टाकलं. उत्तर आलं शून्य. तोच शब्द इंग्रजी लिपीत टाकला तर तीन. मी सरांना विचारलं, "सर, कोल्हापूरमध्ये एकपण स्वर नाही?" सर म्हणाले, "परीक्षेला मराठी शब्द येत नाही. पुढचं घे."

सरांवर राग नाही. ते तासिका तत्त्वावर होते, एका बॅचला साठ पोरं आणि चालू मशीन बारा. पण आज वाटतं, त्या शून्यात अख्खा विषय होता आणि आम्ही तो ओलांडून पुढे गेलो. मशीनला 'ओ' हा आवाज माहीत नसतो, तिला प्रत्येक चिन्हाचा नंबर माहीत असतो. इंग्रजी छोट्या ओचा नंबर १११. आपल्या सुट्या ओचा २३२३. आणि 'को'मध्ये क ला लागलेल्या त्या ओकाराचा पुन्हा वेगळा, २३७९. प्रोग्रॅम पाच इंग्रजी स्वरांचे नंबर शोधत होता, त्याला एकही सापडला नाही, त्याने प्रामाणिकपणे शून्य सांगितलं. 'कोल्हापूर'मध्ये आपल्याला चार अक्षरं दिसतात, मशीनला नऊ चिन्हं दिसतात. काना, मात्रा, उकार, ल चा पाय मोडणारा हलन्त, सगळे वेगवेगळे मोजले जातात. हे सांगायला पाच मिनिटं लागली असती. मला ते दीड वर्षानं कळलं, तेही स्वतःहून शोधल्यावर.

तर अशा तयारीनं मी बारावी झाले आणि सौदा सुरू झाला.

मामा म्हणाला, "मुलीच्या जातीला कॉम्प्युटर बरं. सावलीतलं काम. एसीत बसायचं." काकांनी पॅकेज सांगितलं. शेजारच्या काकूंनी हिंजवडीतल्या त्यांच्या भाच्याचं पॅकेज सांगितलं, ते काकांच्या आकड्यापेक्षा मोठं निघालं म्हणून काकांनी आपलं वाढवून पुन्हा सांगितलं. २०२४ च्या जुलैत शासनानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी पूर्ण माफ केली होती, त्यामुळे "आता तर सोडूच नको" असं झालं. त्याच वर्षी एआयसीटीईनं, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेनं, शाखेच्या जागांवरची वरची मर्यादा उठवली होती, त्यामुळे कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या तुकड्या वाढवल्या होत्या. शाखांची नावं तर लग्नाच्या मेन्यूसारखी: कॉम्प्युटर सायन्स अँड इंजिनिअरिंग, एआय अँड एमएल, एआय अँड डेटा सायन्स, सायबर सिक्युरिटी, आयओटी, बिझनेस सिस्टिम्स. यांच्यात फरक काय, असं मी एका समुपदेशन मेळाव्यात विचारलं. "कटऑफमध्ये फरक आहे," असं उत्तर मिळालं.

इंजिनिअरिंगशिवायचे रस्ते तर कुणी सांगतच नाही. बीसीएस, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स एन्टायर, साध्या बी.एस्सी.त ऑप्शनल म्हणून कॉम्प्युटर, बीसीए. यांतलं कुठलं कशासाठी, हे आमच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. बीसीएला २०२४ पासून सीईटी लागली हे माझ्या एका मैत्रिणीला फॉर्मची तारीख गेल्यावर कळलं. तिचं वर्ष वाया गेलं नाही, पण जिथं जायचं होतं तिथं ती गेली नाही.

मला सीईटीला बाहेरगावच्या एका कॉलेजात एआय अँड डेटा सायन्स मिळेल एवढे पर्सेंटाइल होते. मी नाही म्हटलं. आता याचं कौतुक करून घ्यायचं नाही, कारण माझं 'नाही' पण तेवढंच आंधळं होतं. माझ्या डोळ्यांसमोर कॉम्प्युटर म्हणजे काय होतं? एसीत बसून पाठ केलेले कंस टाइप करणं. ते आयुष्यभर करायचं, या कल्पनेनंच मला मळमळायला लागलं. मला गणित आवडायचं, म्हणून मी साधी बी.एस्सी. घेतली. घरात चार दिवस कुणी नीट बोललं नाही. पप्पा तेवढे म्हणाले, "झेपंल ते घे. पण मागनं रडत येऊ नको."

पप्पा शिरोली एमआयडीसीत व्हीएमसी मशीनवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, सेटर आहेत. फाउंड्रीतून आलेलं कास्टिंग फिक्श्चरला बांधायचं, टूल लावायचे, ऑफसेट घ्यायचे, प्रोग्रॅम टाकायचा, पहिला जॉब पास करून ऑपरेटरच्या हवाली करायचा, हे त्यांचं काम. हे पुढे लागणार आहे म्हणून सांगून ठेवते.

पहिल्या वर्षाला गणित आणि फिजिक्सच्या जोडीला तिसरा विषय हवा होता. मला संख्याशास्त्र पाहिजे होतं. जागा भरल्या होत्या. म्हणून कॉम्प्युटर सायन्स. माझ्या आयुष्याच्या निवडीची सुरुवात इतकी थोर आहे. पहिलं सेमिस्टर सी भाषेत गेलं, जर्नलवर सह्या झाल्या, मी पुन्हा पाठ केलं.

राष्ट्रीय गणित दिन २२ डिसेंबरला असतो. २०२४ ला तो रविवारी आला, म्हणून आमच्याकडे तो शनिवारीच उरकला. गणिताच्या मॅडमनी रामानुजनांवर दोन वाक्यं बोलून फळ्यावर एक आकडा लिहिला: ६१७४. मग कापरेकरांची गोष्ट सांगितली. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, देवळालीच्या शाळेतले मास्तर, विद्यापीठात हुद्दा नाही, हातात पाटी-पेन्सिल आणि आकड्यांचं वेड. त्यांना सापडलं ते असं: कुठलाही चार अंकी आकडा घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं मांडा, मग चढत्या क्रमानं मांडा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. मॅडमनी ३५२४ घेतला. ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आणि ६१७४ ला तेच केलं की पुन्हा ६१७४. मॅडम म्हणाल्या, कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथं येता.

वर्गात सगळ्यांनी आपापल्या मोबाइल नंबरचे शेवटचे चार अंक घेऊन करून बघितलं, सगळ्यांचं ६१७४ आलं, टाळ्या झाल्या, बिस्किटं वाटली. मला मात्र एक गोष्ट चावत राहिली. 'कुठूनही' हे मॅडमना कसं माहीत? चार अंकी आकडे नऊ हजार आहेत. कुणी सगळे करून बघितले?

घरी लॅपटॉप नव्हता, अजूनही नाही. मोबाइलवर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचं एक फुकट ॲप होतं. रात्री जेवणं झाल्यावर मी अंगठ्यानं प्रोग्रॅम लिहायला बसले. बारा-तेरा ओळींचा. १००० पासून ९९९९ पर्यंत प्रत्येक आकडा घे, ६१७४ येईपर्यंत वजाबाकी करत राहा, किती पायऱ्या लागल्या ते लिही. ३५२४ देऊन बघितलं, तीन पायऱ्या, बरोबर. १२३४ दिलं, तीन पायऱ्या, बरोबर. मग सगळे नऊ हजार सोडले.

काहीच आलं नाही. स्क्रीन कोरी, फोन गरम. बंद करून पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. आई म्हणाली, लाइट बंद कर. मी पांघरुणात गेले, फोन घेऊन. कुठं अडकतंय ते कळावं म्हणून अट घातली: दहा पायऱ्यांत ६१७४ आलं नाही तर तो आकडा छापून पुढे जा. आता यादी आली. १०००, १०११, ११०१, १११०, ११११, १११२... एकूण ७७ आकडे. सारख्या अंकांचे नऊ, ते ठरलेलेच होते. बाकीचे ६८ कुठून आले?

खरं सांगते, अर्धा तास मला वाटत होतं की कापरेकर चुकलेत आणि ते मला सापडलंय. सर, मॅडम, अठराव्या वर्षी पांघरुणाखाली असं वाटणं काय असतं ते मी लिहून सांगू शकत नाही.

मग उठले, स्वयंपाकघरातला दिवा लावला आणि पहिलाच आकडा हातानं केला. १००० वजा ०००१, आले ०९९९. ९९९० वजा ०९९९, आले ८९९१. मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. पाच पायऱ्या. कापरेकर बरोबर होते. मग मशीनवर काय होतंय? मशीनवर १००० वजा १, आले ९९९. तीन अंक. ९९९ वजा ९९९, आले शून्य. शून्य वजा शून्य, शून्य. पहिल्याच आकड्याला ती शून्यात जाऊन बसली होती आणि मी सांगितलं होतं म्हणून ६१७४ ची वाट बघत होती, फोन तापेपर्यंत.

पुढचं शून्य. कागदावर ते मी न सांगता लिहिलं होतं, कारण 'चार अंकी' हे माझ्या डोक्यात होतं. प्रोग्रॅमला मी ते कधी सांगितलंच नव्हतं. त्या ६८ च्या ६८ आकड्यांत तीन अंक सारखे आणि चौथा एकानं कमी किंवा जास्त. सगळ्यांचं पहिलं उत्तर ९९९. एक ओळ बदलली: उत्तर चार घरांचं कर, कमी पडलं तर डावीकडे शून्य भर. यादीत नऊ उरले. सगळ्यात जास्त पायऱ्या: सात. घड्याळात दीड वाजला होता.

दुसऱ्या दिवशी पप्पांची सेकंड शिफ्ट होती, म्हणून सकाळी चहाला ते घरी होते. मी त्यांना शून्याचं सांगितलं. त्यांनी बशी खाली ठेवली. "आमच्यात टिंबाचं असंच हाय," म्हणाले. मशीनला एक्स पन्नास द्यायचं तर पन्नासच्या पुढे टिंब द्यावं लागतं. टिंब दिलं की पन्नास मिलिमीटर. त्यांच्या कंट्रोलवर टिंब राहिलं की तेच पन्नास मायक्रॉन होतात, म्हणजे हजारपट कमी. नवीन पोरगं कागदावरचं पन्नास बघून पन्नास टाइप करतं. टूल जायचं तिथं जात नाही, भलतीकडंच घुसतं. जॉब रिजेक्ट, नाहीतर टूलच मोडतं. "म्हणून नवीन प्रोग्रॅम आला की आधी टूल वर उचलून हवेत चालवायचा. मग सिंगल ब्लॉक. एक ओळ, थांब. एक ओळ, थांब. हात फीडच्या बटणावर. पहिला जॉब पास झाल्याशिवाय चहाला जायचं न्हाई."

मी त्यांच्याकडे बघत बसले. माझा बाप पंधरा वर्षं प्रोग्रॅम लिहीत होता, तपासत होता, दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधली चूक काढत होता, कुलंटच्या वासात उभ्यानं. घरात हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, त्यांच्यासुद्धा नाही. आणि मामा मला सावलीतलं काम सांगत होता.

मेजरचा फॉर्म भरताना माझे गणिताचे मार्क कॉम्प्युटरपेक्षा जास्त होते. मार्कांवर निवडायचं तर गणितच घ्यायला हवं होतं. पण फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला स्पेक्ट्रोमीटर जुळला नाही की मी घड्याळाकडे बघायचे, गणितात अडले की उत्तराचं पान बघायचे, आणि इथं मात्र रात्री दीडला आई ओरडत असताना मला उठवेना. गणित मी मायनर, म्हणजे दुय्यम विषय, म्हणून घेतलं.

एआयचं म्हणाल तर हो, ते लिहितं. मी कापरेकरांचा प्रोग्रॅम नंतर त्यालाही सांगून बघितला, पुढच्या शून्यासकट दहा सेकंदांत दिला. तीन वर्षांनी नोकऱ्यांचं काय असेल हे मी सांगू शकत नाही आणि जे सांगतात त्यांना मी गेल्या वर्षी उलटं बोलताना ऐकलंय. भाव उतरला म्हणून विषय सोडायचा असेल, तर भाव चढला म्हणून घेतला तेही बरोबरच होतं असं मानावं लागेल. मला दोन्ही मान्य नाही.

आता मागणं.

अकरावीच्या मुलांसाठी, दिवाळीच्या आधी, एक शनिवार दुपार लॅब उघडी ठेवा. दोन ते पाच. जमलं तर असे तीन शनिवार. एसओपी नको, जर्नल नको, मार्क नकोत, हजेरीही नको. एका मशीनवर दोघं बसतील. एकच कोडं द्या आणि पोरांना अडकू द्या. नवीन मशीन घ्यायला लागत नाहीत. जी कव्हराखाली आहेत ती पुरेशी आहेत, ६१७४ काढायला वीस वर्षांपूर्वीचं मशीनही पुरतं.

कोडी हवीत तर आहेत. कापरेकर आहेतच. दुसरं आपल्या घरचं देते. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्याची पातळी आपण सगळेच बघतो; ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. माझ्या आत्याचं घर शाहूपुरीत आहे, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा त्यांनी सामान माडीवर चढवलं, त्यामुळे आमच्या घरात ते आकडे तोंडपाठ असतात. गेल्या पावसाळ्यात मी रोजची पातळी टाकून आलेख काढायचा प्रोग्रॅम केला. फूट आणि इंच, मध्ये टिंब. ३९ फूट ९ इंच म्हणजे ३९.९. पुढचा आकडा ३९ फूट १० इंच, म्हणजे ३९.१०. आलेखात पाणी एकदम खाली. आत्यानं फोनवर बघून विचारलं, "उतरलं व्हय गं?" उतरलं नव्हतं, चढत होतं. फुटाचे इंच बारा असतात हे मशीनला कुणी सांगायचं? हे कोडं अकरावीच्या पोरांना द्या, बघा किती जणांना चूक सापडते.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. पोरं गेम खेळतील. खेळतील, पहिला अर्धा तास. मशीन बिघडतील. पप्पांनी पहिल्या महिन्यात किती जॉब घालवले ते विचारा, त्यांना कुणी मशीनवरून काढलं नाही. शिक्षक शनिवारी कुठून आणायचे? बीसीएस, बी.एस्सी.ची आम्ही मुलं येऊ. माझ्या वर्गातल्या चौघी तयार आहेत, फुकट, केएमटी बसचा पास आहे. मराठी माध्यमाच्या मुलांना जमेल का, असं एका सरांनी मला खरोखर विचारलं. मी मराठी माध्यमाची आहे. सी भाषेचे मूळ राखीव शब्द, म्हणजे भाषेनं आधीच ठरवलेले इंग्रजी शब्द, ३२, पायथनचे ३५. त्या सरांच्या केमिस्ट्रीच्या एका धड्यात यापेक्षा जास्त इंग्रजी आहे.

घरी मोबाइल आहे ना, असंही म्हणतील. माझी मैत्रीण बोर्डिंगमध्ये राहते, आजऱ्याची आहे. तिनंही मोबाइलवरच सुरुवात केली. अंगठ्यानं ओळीच्या आधी चार जागा सोडायच्या, एक कमी पडली की एरर, स्क्रीनवर कोड दिसला की कीबोर्ड दिसत नाही, कीबोर्ड दिसला की कोड दिसत नाही. तिला वाटायचं आपल्यालाच जमत नाही. विद्यापीठाच्या एका कार्यशाळेत पहिल्यांदा मोठ्या स्क्रीनसमोर बसली तेव्हा वीस मिनिटांत जे झालं ते तिला महिनाभर होत नव्हतं.

आणि एक. हे सगळं मी भरती करायला सांगत नाही. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या मावसबहिणीला मी कापरेकरांचं कोडं घेऊन दोन तास बसवलं. अकरावीला आहे, घरी सगळे तिलाही कॉम्प्युटरच सांगतायत. तिनं ते सोडवलं, माझ्यापेक्षा लवकर. मग म्हणाली, "ताई, झालं. पण मला काही वाटलं नाही गं." तिला झाडं आवडतात, तिनं बॉटनीचं ठरवलंय आणि आता घरच्यांशी भांडताना ती 'मला जमत नाही' म्हणत नाही, 'करून बघितलंय' म्हणते. मला हा शनिवार तिच्यासाठी माझ्याइतकाच हवा आहे.

कोल्हापुरात अर्ज करायचा तर शाहू महाराजांचं नाव घ्यावंच लागतं, नाहीतर कागद पुढे सरकत नाही. तेव्हा घेते. १९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत धाडलं नाही तर आईबापाला दंड. मी सक्ती मागत नाही, दंडही नको. कुलूप काढा, इतकंच.

किल्ली कुठं असते ते मला माहीत आहे. शिपाईमामांच्या जुडग्यात, मोठ्या गेटच्या किल्लीशेजारी, तिला निळा दोरा बांधलेला आहे. त्यांना मी परवा भेटले. म्हणाले, साहेबांनी सांगितलं तर मी शनिवारी थांबतो की, मला काय, घर इथंच आहे.

आपली,
बी.एस्सी. भाग दोनची एक विद्यार्थिनी
कोल्हापूर